लांबून येणारं माणूस

आमच्या घरात कुणाचे डोळे चांगले आणि कुणाचे गेले, हे सुई ठरवायची. घर फुलांवर चालणारं. गंगापूरच्या कालव्याखाली आमचा मळा होता; शेवंती, झेंडू, निशिगंध आणि थोडा गुलाब. उजाडायच्या आत तोडणी व्हायची, मग विहिरीजवळच्या मांडवात बसून हार, आणि हार ओल्या फडक्यात गुंडाळून दादा सायकलवरून फुलबाजारात. वडिलांना आम्ही सगळेच दादा म्हणायचो. मीही आणि त्यांची बहीण, म्हणजे माझी चंद्राआत्याही. हाराची सुई चांगली वीतभर लांब, पण नेढं बारीक. त्यात दोरा पहिल्या झटक्यात गेला की डोळे शाबूत, दोनदा थुंकी लावावी लागली की डोळे चालले. आसपासच्या सगळ्या मळ्यांत हीच परीक्षा होती. चाळिशी ओलांडल्यावर आईचा दोरा नेढ्याच्या शेजारून जायला लागला, पण तिने ते कबूल केलं नाही. सुई-दोरा माझ्यापुढे धरून म्हणायची, "ओव गं मंदे, माजे हात वले हायेत." मी न बघितल्यासारखी ओवून द्यायची. घरात त्या कामात माझा हात धरणारी एक आत्याच होती. ती दादांहून दोनच वर्षांनी लहान, म्हणजे तीही चाळिशी ओलांडलेली, पण बोलता बोलता सुई ओवायची. दादा अभिमानाने सांगायचे की आमच्या चंद्राचे डोळे म्हणजे घारीचे डोळे.

आईचा जगात कुणावर विश्वास नव्हता. दूधवाला पाणी घालतो, बाजारातला आडत्या काट्याला हात लावतो, शेजारच्या मळ्यातली पोरं आमची फुलं तोडून आम्हालाच विकतील, हे तिचं रोजचं बोलणं. यातलं निम्मं खरंही असायचं. घराच्या दारात उभी राहून तिला मळ्याच्या पार टोकाचा माणूस काय खिशात घालतो तेसुद्धा दिसायचं, आणि जे दिसत नसे ते ती संशयाने भरून काढायची. हा वारसा माझ्याकडे पुरेपूर आला आहे. आता त्या मळ्यावर सात मजल्यांची इमारत उभी आहे, तिसऱ्या मजल्यावर मी राहते, आणि लिफ्ट दुरुस्त करायला येणारा मुलगा खरंच काही दुरुस्त करतो की नुसता वर-खाली जाऊन येतो, हे मी दार किलकिलं करून पाहत असते. सून हसते. हसू दे.

मी मात्र लहानपणी माणसं डोळ्यांनी ओळखत नव्हते, कानांनी ओळखत होते. दादांच्या सायकलचं मडगार्ड सुटलेलं होतं, ते खडखडलं की दादा आले. आईची जोडवी फरशीवर वाजायची. आत्या पाय घासत चालायची, जमिनीची खात्री करून घेतल्यासारखी. शेजारचे तात्या, आमच्या भावकीतले सगळ्यांत वडीलधारे, दर चार पावलांना खाकरायचे. लांबच्या माणसाला तोंड नसतं, जवळ आल्यावर ते येतं, अशीच माझी समजूत होती. यात काही चूक आहे असं मला कधी वाटलं नाही, कारण दुसऱ्यांना काय दिसतं हे मला कसं कळणार? शाळेत फळ्यावर मास्तर काहीतरी लिहितात आणि मुलं ते बघून उतरवतात, यावरही माझा विश्वास नव्हता. मला वाटायचं, सगळीच पोरं एकमेकांच्या वहीतून उतरवतात, फक्त पकडली मी जाते.

आत्याशी माझं गूळपीठ होतं. सकाळी शाळेआधी मांडवात आम्ही दोघी गुडघ्याला गुडघा लावून हार करत बसायचो. मधे न्याहारीची ठेच्याची वाटी, बाजरीची भाकरी आणि कांद्याची पात. आदल्या दिवशी बाजार चांगला झाला असेल तर दादांनी आणलेला कागदाच्या पुड्यातला चिवडा. आत्या फार बोलत नसे. तिचं सासर सटाण्याकडचं. लग्नानंतर दोन-अडीच वर्षांतच त्या लोकांनी तिला परत पाठवलं आणि नवऱ्याने दुसरी केली. तिकडून ती काय घेऊन आली असेल तर फक्त काळ्या मसाल्याची आमटी. ती आमटी अशी व्हायची की जेवणारा गप्प व्हायचा, पण आई नाक मुरडून म्हणायची, "सटाण्याचं तिखट. त्या लोकांसारखंच." आत्याला का परत पाठवलं याचं आमच्या घरात एकाच शब्दात उत्तर होतं. ती मानी. सासऱ्यांनी दादांना बोलावून त्यांच्या बोलीत तेवढंच सांगितलं होतं, "तुमनी बहीण मानी शे," आणि दादा तिला घेऊन आले होते. घरात तो शब्द इतक्या वेळा उच्चारला जायचा की मला तो तिच्या नावाचाच भाग वाटायचा. आत्याही कधी नाही म्हणाली नाही. उलट कुणी काही बोललं की मान ताठ करून म्हणायची, "हाय मी मानी. मग?"

मी बाराएक वर्षांची असताना हा शब्द माझ्यावर आला. माझे मामा मनमाडला रेल्वेत होते. इस्त्रीचा शर्ट, हातात घड्याळ, आईचा तोरा सगळा या भावावर. एकदा ते नाशिकला आले आणि शाळेच्या रस्त्यावर त्यांना मी समोरून येताना दिसले. त्यांनी म्हणे हात केला, हसले, थांबलेसुद्धा. मी रस्त्याच्या दुसऱ्या कडेने सरळ निघून गेले. संध्याकाळी घरी येऊन ते पाटावर बसले ते तोंड फुगवूनच. "ताई, तुझी पोरगी मला वळखत नाय आता. मोठी झाली ना." आईने मला भिंतीशी उभं केलं. मी शपथेवर सांगितलं की मामा मला भेटलेच नाहीत. हे तर आणखीच वाईट झालं. आता उद्धटपणाच्या जोडीला खोटेपणाही आला. मामांसाठी केलेली शेवयांची खीर त्या दिवशी मला मिळाली नाही, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे आईची नजर माझ्यावरून हळूच आत्याकडे गेली.

"ही हिच्याजवळ बसून बसून अशी झाली," आई दादांना म्हणाली. आत्या चुलीपुढे बसली होती, तिला ऐकू जाईल असंच म्हणाली. "येक मानी घरात हाय, दुसरी तयार हुतेय. हिचंबी तसंच व्हायला पायजे का?" तिथल्या तिथे ठरलं. वार्षिक परीक्षा झाली की माझी शाळा बंद, आणि मला मनमाडला मामांकडे ठेवायचं. मामी कडक आहेत, वळण लावतील, दोन वर्षांत तिकडेच एखादं स्थळ बघतील. आणि तोवर मांडवात आत्याशेजारी बसायचं नाही. हार करायचे तर घरात बसून, आईच्या डोळ्यांसमोर. दादा अशा वेळी सायकलची हवा तपासायला बाहेर जायचे. मला मनमाड म्हणजे फक्त इंजिनाचा धूर आणि मामीचा आवाज एवढंच ठाऊक होतं. त्यानंतर घरात कुणी ट्रंक उघडली तरी माझे कपडे भरत नाहीत ना, हे मी जाऊन बघून यायची.

त्याच सुमारास शाळेत डोळे तपासणारे आले. एका जीपमधून दोन पुरुष आणि एक नर्स उतरली, आणि शाळाभर अफवांचं पीक आलं. कुणी म्हणालं, डोळ्यांत थेंब टाकतात, मग आठवडाभर दिसत नाही. कुणी म्हणालं, जो नापास होईल त्याला खालच्या वर्गात बसवतात. व्हरांड्याच्या भिंतीवर एक कागद लावला होता, जमिनीवर खडूची रेघ मारली होती आणि रेघेवर उभं राहून एका डोळ्यावर पुठ्ठा धरायचा होता. माझी पाळी आली. अगदी वरचं एक अक्षर मला काळं काळं दिसलं, ते मी सांगितलं. "पुढचं वाच," तो माणूस म्हणाला. पुढे काहीच नव्हतं. मी नीट पाहिलं, डोळे बारीक करून पाहिलं. कागद कोरा होता. कोरा कागद दाखवून हा माणूस मला वाच म्हणतो, म्हणजे यात काहीतरी डाव आहे, मी काय उत्तर देते यावर हे लोक काहीतरी ठरवणार. मी आईची मुलगी होते. मी ओठ मिटून घेतले. तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला आणि मी त्याच्याकडे रागाने बघत राहिले. शेवटी आमच्या वर्गाच्या देवरे बाई पुढे आल्या. त्या नुकत्याच बदली होऊन आल्या होत्या, बुटक्या, चालायला चटपटीत. त्यांनी माझा हात धरून मला दोन पावलं पुढे नेलं, मग आणखी दोन. कोऱ्या कागदावर अक्षरं उगवायला लागली. मला वाटलं, हासुद्धा डावाचाच भाग.

दुसऱ्या दिवशी देवरे बाई आमच्या घरी आल्या. आईने त्यांना ओट्यावर बसवलं, चहा ठेवला, आणि चहा उकळेपर्यंत त्यांचं गाव, आडनाव, माहेर, सासर सगळं काढून घेतलं. बाई सटाण्याच्या निघाल्या. आईचा चेहरा तेवढ्यात बदललेला मला जवळून स्पष्ट दिसला. बाई सांगत होत्या, "पोरीला लांबचं दिसत नाही, चष्मा लागेल. तपासायला आलेल्या संस्थेकडून फुकट मिळतोय, तुम्हाला काही करायचं नाही." आई ऐकत होती आणि मान हलवत होती, आणि त्या हलवण्याचा अर्थ मला पाठ होता. मग ती उठली, कोनाड्यातून हाराची सुई आणि दोरा आणून तिने माझ्या हातात दिला. मी ओवला, पहिल्या झटक्यात. आईने ती सुई बाईंच्या नाकापुढे नाचवली. "बगा. ही पोरगी म्हनं आंधळी!"

बाई हसल्या नाहीत. "आंधळी नाही हो. जवळचं दिसणं निराळं, लांबचं निराळं," म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "मंदा, तिकडं मांडवात कोण बसलंय गं?" मी मांडवाकडे पाहिलं. तिथे नेहमी जी बसते तिचंच नाव मी सांगितलं. "आत्या." आत्या माझ्या पाठीमागे, घरात पाट्यावर मसाला वाटत होती. वाटण्याचा आवाज थांबला. मांडवात निशिगंधाचं पोतं उभं करून ठेवलेलं होतं. आई म्हणाली, "मुद्दाम करतीय. मनमाडला जायचं नाय म्हनून सोंगं चाललीत." तेवढ्यात आत्या मसाल्याचे हात घेऊन दारात आली, मांडवाकडे बघून म्हणाली, "पन मलाबी कुनी बसल्यागतच वाटतंय." आईने कपाळावर हात मारला. "झालं. दोगी सामील हायेत येकमेकींना."

बाई गेल्यावर आई आणि आत्या यांचं फार वर्षांनी एका गोष्टीवर एकमत झालं. दोघींनाही खात्री होती की देवरे बाईंना सटाण्याहून त्या लोकांनीच पाठवलं आहे. आईचं म्हणणं, आधी एका पोरीला नावं ठेवून परत धाडली, आता दुसरीला डोळ्यांनी अधू ठरवून आमच्या घराण्यालाच बट्टा लावायचा बेत आहे, म्हणजे पुढे कुणी आमच्या दारात सोयरीक घेऊन येणार नाही. आत्या एवढं लांबण लावत नव्हती. ती फक्त म्हणाली, "तिकडनं आलेलं काय सरळ नसतंय." आज हे लिहिताना मला हसू येतं. परवा नातवाच्या शाळेत डोळे तपासले, तेव्हा मीसुद्धा पहिला प्रश्न हाच विचारला की तपासणारे कुठल्या दुकानाचे होते.

चष्मा आला. काळ्या जाड दांड्यांचा, माझ्या तोंडाला मोठा. शाळेत घातल्यावर काय झालं ते सांगत नाही. फळा दिसला एवढंच सांगते, आणि मास्तर खरोखरच त्यावर लिहीत होते. पण घरी येताना मी तो दप्तरात लपवला आणि आईला तो दप्तरात सापडलाच. "फुकट? फुकट कोन देतंय? आज चष्मा फुकट, उद्या औषध इकत," म्हणत तिने तो बाजरीच्या डब्यात टाकला. चष्म्याची पोरगी म्हटलं की मनमाडलाही कुणी विचारणार नाही, हे तिने दादांना चार वेळा ऐकवलं. मी बाजरीच्या डब्याकडे बघत अभ्यास केला, म्हणजे केल्याचं दाखवलं. परीक्षा जवळ आली होती, आणि परीक्षेनंतर मनमाड होतं.

मग एका दुपारी आई खुरपणीच्या मजुरांना जेवण द्यायला मळ्याच्या खालच्या अंगाला गेली आणि आत्याने डब्यात हात घातला. चष्म्यावरची बाजरी झटकली. माझा दंड धरून मला बांधावर घेऊन गेली. "बगू दे तरी, काय धाडलंय त्या बाईनं." तिला संशय होता की काच साधी आहे, मनगटावरच्या बांगडीची असते तशी, आणि बाईने आम्हाला मूर्ख बनवलंय. तिने चष्मा उन्हात धरला, पदराने घासला, वास घेतला. मग इकडेतिकडे बघून तो डोळ्यांवर चढवला. दांड्या तिच्या अंबाड्यात अडकल्या, त्या मी सोडवून दिल्या.

तिचं तोंड हळूहळू उघडत गेलं. मी विचारलं, "आत्या, काय झालं? दुखतंय का?" आणि तेवढ्यात तिचा हात आपोआप वर गेला, तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, बांधावरून दोन पावलं खाली उतरून बाजूला उभी राहिली. वडीलधारं माणूस समोरून आलं की आमच्याकडच्या बायका उभ्या राहायच्या तशी. मला वाटेवर कुणीच दिसत नव्हतं, काही ऐकूही येत नव्हतं. "कोण आहे?"

"तात्या येतायत," ती म्हणाली. "त्या तिकडं. चिंचेच्या तिथं."

चिंच आमच्या मळ्याच्या हद्दीबाहेर, रस्त्याच्या वळणावर होती. मी वाट बघत राहिले. पुष्कळ वेळाने खाकरणं ऐकू आलं, मग पांढरं धोतर आलं, मग त्याच्यावर तात्यांचं तोंड आलं. तिला बाजूला उभी पाहून तात्या थांबले. "काय चंद्रा, आज लय मान दिला! आन हे काय तोंडावर?" आणि उत्तराची वाट न बघता खाकरत पुढे गेले. आत्याने पदर मागे घेतला. "मंदे, सगळ्यांना एवढ्या लांबनं मानूस दिसतं?"

मला काय ठाऊक? मी म्हटलं, "आईला दिसतं. आईला तर तिथला माणूस खिशात काय घालतो तेपण दिसतं."

ती बांधावरच बसली. मग तिने मला जे सांगितलं ते त्याआधी घरात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. सटाण्याच्या घरासमोर नळ होता. संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या सुना तिथे पाणी भरायच्या, तेव्हा पदर खांद्यावर असायचा, हसणं-खिदळणं चालायचं. सासरे कांद्याच्या बाजारातून चार माणसांबरोबर गल्लीच्या तोंडाशी वळले की सगळ्या एकदम गप्प व्हायच्या, पदर घ्यायच्या, भिंतीकडे तोंड करायच्या. आत्याला कळायचंच नाही, या गप्प का झाल्या. कोण आलं म्हणून ती डोळे बारीक करून, मान पुढे काढून गल्लीच्या तोंडाकडे बघत राहायची. उघड्या डोक्याने, सासऱ्याच्या तोंडाकडे, चार माणसांदेखत. घरात तिला म्हणायचे, ही डोळे वटारते. सासूने डागण्या द्यायची धमकीही दिली होती. "मला वाटायचं, त्या सगळ्या मिळून मला फसवतायत," आत्या म्हणाली. "आदी ठरवून गप हुतात, आन मला येकटीलाच सांगत नायत. मग मीबी कुनाशी बोलनं सोडलं." मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मडगार्ड खडखडलं. दादा बाजारातून आले होते. सायकल लावून ते मांडवात टेकले, त्याच वेळी आई रिकामी पाटी डोक्यावर घेऊन खालून वर आली. आत्या चष्मा न काढता तशीच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "वन्सं, ह्ये काय सोंग!" आई म्हणाली, पण आत्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"दादा, तू मला आनाया आलतास. तवा त्यांना काय इचारलंस?"

दादांना आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय. मग कळलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "काय इचारायचं? ते म्हनले, मानी हाय."

"मग तू काय म्हनलास?"

"काय नाय."

"इचारलं पन नाय? की काय केलं हिनं, कवा केलं?"

दादा जमिनीकडे बघत होते. माझे वडील खोटं बोलणारे नव्हते, आणि त्या दुपारी ते थोडं खोटं बोलले असते तर बरं झालं असतं असं मला अजूनही वाटतं. ते म्हणाले, "मला वाटलं, असशील तू तशी."

आत्याने चष्मा नाकावर नीट सरकवला आणि त्यांच्याकडे पाहिलं. भावाचा चेहरा तिने इतक्या अंतरावरून पहिल्यांदाच पाहिला असेल. मला वाटलं आता ती ओरडेल. मीच ओरडणार होते. पण ती एवढंच म्हणाली, "मलाबी तसंच वाटलं रे."

मग तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि माझ्या कानांवर चढवला. दोन्ही दांड्या नीट बसल्या का ते बोटांनी चाचपून पाहिलं. "हिला मनमाडला धाडायचं नाय. ही शाळेत जाईल, आन ह्ये डोळ्यांवर घालून जाईल. मामाला मी सांगते." या घरात आत्याने असं काही फर्मावण्याची ही पहिली वेळ होती. दादांनी नुसती मान हलवली. मी आईकडे पाहिलं, आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या आईचं तोंड मला सगळंच्या सगळं दिसलं. त्यावर राग नव्हता. ती आत्याकडे बघत होती, मग तिने वळून घराच्या दाराकडे पाहिलं, मग मांडवातल्या आत्याच्या बसायच्या जागेकडे, मग पुन्हा दाराकडे. डोक्यावरची पाटी उतरवायचंही तिला भान नव्हतं.

"वन्सं," ती म्हणाली, "तुमी हितं बसता, तवा दारात उबं ऱ्हायलेलं मानूस दिसतं का तुमाला?"

"दार दिसतं," आत्या म्हणाली.

मळ्यात परके गडी असायचे. त्यांच्यादेखत घरच्या बाईने हाका मारायच्या नाहीत, ही दादांच्या आईपासूनची रीत. आईने पाटी खाली ठेवली. "मी दारातनं हात करायची. जेवाया चला म्हनून. तुमी माज्याकडं बगायच्या, आन मान खाली घालून पुन्ना हार ववायच्या. मंग मी वाढून घेऊन बसायची." तिने दाराकडे बोट केलं. "मला वाटायचं, माज्या पंगतीला बसायचं नाय ह्यांना."

"मला कुनी बोलवतच नव्हतं," आत्या म्हणाली. "म्हनून मी समद्यांचं झाल्यावर यायचे. कवा बोलावलंस तू?"

"रोज," आई म्हणाली, आणि आईला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.